लाकडी पाती, १.८ मीटरची पवनचक्की : कामाच्या नोंदी

१९ जानेवारी २०२५, रविवार

यावेळी सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय. मागच्या वेळी सहा इंची पीव्हीसी पाइप चिरून पाती केली होती, तेव्हा एकही माप लिहिलं नाही, आणि एप्रिलच्या उन्हात ती मऊ पडून पावसाळ्यात फडफडायला लागली, शेवटी जुलैत एका रात्री त्यातलं एक तुटून गोठ्याच्या पत्र्यावर येऊन पडलं. गुरं बिथरली, आई घाबरली. नक्की कुठल्या मापात चुकलं ते शोधायला हातात काहीच नव्हतं.

थोडं आधीचं. माझं माहेर चाळकेवाडीच्या पठाराच्या कडेला, ठोसेघरच्या वरच्या अंगाला. अंगणातून मोठ्या पवनचक्क्यांची रांग दिसते आणि आमच्या घरात पावसाळ्यात दोन दोन तीन तीन दिवस लाइट नसते. सोलरचं पॅनल आहे, पण जून ते सप्टेंबर इथे धुकं असं बसतं की समोरचा माणूस दिसत नाही, पॅनल काय करणार. आणि नेमका त्याच महिन्यांत वारा सगळ्यात जोरात असतो. म्हणून हा सगळा खटाटोप. साताऱ्यात आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, मी आणि नवरा दोघं चालवतो, त्यामुळे अल्टरनेटर (फिरला की वीज तयार करणारा भाग) मागच्या दिवाळीतच करून झालाय, चुंबकांच्या दोन चकत्या, मध्ये कॉइलची चकती, २४ व्होल्टचा हिशोब. तो भाग मला सोपा. राहिलीत ती पाती, आणि ती यावेळी लाकडाचीच. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं सुतारकाम केलंय, गाडीच्या चाकापासून देवळाच्या दारापर्यंत. त्यांना म्हटलं अण्णा तुम्ही शिकवा, हात माझे. ते म्हणाले, "बघू. आधी कागदावर काढून आण."

२६ जानेवारी

सुट्टी होती, दिवसभर आकडे केले.

व्यास १.८ मीटर पक्का. म्हणजे पातं ९० सेंटिमीटरचं, आणि पाती ज्या गोलातून फिरणार त्याचं क्षेत्रफळ २.५४ चौरस मीटर. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते, वारा दुप्पट झाला की ताकद आठपट, म्हणून आमच्या पठारावर मोठ्या व्यासाचा हव्यास नको, तुफानात ती आवरायची कशी हा प्रश्न आधी. हिशोबाने सेकंदाला १० मीटर वाऱ्यात या गोलातून साधारण १३५० वॉट जातात (आपण समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहोत, हवा थोडी विरळ, ते धरून). त्यातले सगळे कधीच मिळत नाहीत, बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलंय की जास्तीत जास्त ५९.३ टक्के, कारण सगळी ताकद काढून घेतली तर वारा पात्यांमागे थांबून राहील आणि पुढचा वारा यायला वाटच उरणार नाही. घरी केलेल्या पात्यांनी ३० टक्के काढले तरी मी खूश.

टोकाचा वेग वाऱ्याच्या सहापट धरलाय. म्हणजे ५ मीटरच्या वाऱ्यात टोक सेकंदाला ३० मीटर, मिनिटाला साधारण ३२० फेरे. १० मीटरच्या वाऱ्यात ६४० फेरे, तेव्हा टोक ताशी २१६ किलोमीटरने पळत असेल.

पीळ का लागतो ते भाच्याला समजावताना मलाच नीट समजलं. पावसात गाडीवर जाताना पाऊस वरून सरळ पडत असला तरी तोंडावर समोरून मारतो, आणि गाडी जितकी जोरात तितका जास्त समोरून. पात्याचं तसंच. टोक जोरात पळतं म्हणून त्याला वारा जवळजवळ समोरून, धारेवरच येतो, तिथे पातं जवळपास सपाट हवं. मुळाशी वेग कमी, तिथे वारा जास्त तिरका येतो, म्हणून तिथे पातंही तिरकं. मधे सगळीकडे हळूहळू बदलत जाणारं.

मापं अशी काढली, केंद्रापासून अंतर, रुंदी, आणि मागची धार समोरच्या पृष्ठभागापासून किती खाली (याला आम्ही उतार म्हणायचं ठरवलंय). ३० सेंमीवर रुंदी १२० मिमी, उतार २२. ४५ वर १०८ आणि १६. ६० वर ८४ आणि ८. ७५ वर ६८ आणि ४. टोकाला ५७ आणि २. मुळाशी खरं तर याहून जास्त पीळ हवा पण फळीच्या जाडीत बसेल तेवढाच घेतला, तिथून ताकद फार येत नाही. कोन मोजत बसण्यापेक्षा रुंदी आणि उतार मोजायची ही रीत स्कॉटलंडच्या ह्यू पिगॉट यांची. स्कोरेग नावाच्या भागात राहतात, तिथे रस्ता जात नाही, होडीने नाहीतर पायी जायचं, आणि १९७० च्या दशकापासून ते तिथे हाताने पवनचक्क्या करतायत. सुताराला कोन सांगितला तर तो विचार करतो, खाली किती घ्यायचं ते सांगितलं तर लगेच रेघ मारतो.

अण्णांनी कागद बघितला आणि सगळी मापं सुतात बदलून घेतली, इंचाचे आठ सूत. २२ मिमी म्हणजे सात सूत. त्यांना आता पाठ आहेत.

२ फेब्रुवारी

लाकूड. सागवान पहिल्यांदा डोक्यात आलं पण ते जड, घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास, आणि फिरणाऱ्या वस्तूत वजन म्हणजे ओढ. सावर फारच मऊ. ट्रायलला पाइन घ्यायचं ठरलं. साताऱ्यातल्या एका वखारीतून दीड इंची फळी आणली, "एकदम सुकी" म्हणून दिली. गाठी नव्हत्या, रेशे सरळ होते, बाकी मी काही तपासलं नाही.

९ फेब्रुवारी

ट्रायल पातं कोरलं. एका दिवसात झालं, आणि संध्याकाळी टेबलावर ठेवल्यावर लक्षात आलं की उतार चुकीच्या धारेला घेतलाय. आरशातलं पातं झालं. तिन्ही अशीच केली असती तर उलट्या दिशेने का होईना फिरली असती, पण एक असं आणि दोन तशी झाली असती तर लाकूड वाया. आता प्रत्येक फळीवर लाल खडूने तीन गोष्टी आधी लिहायच्या : पुढची धार कुठली, वाऱ्याची बाजू कुठली, आणि फिरायच्या दिशेचा बाण. समोरून बघताना घड्याळाच्या काट्यासारखी फिरणार. पुढची धार वाऱ्याकडे, फळीच्या पृष्ठभागावरच राहते, मागची धार खाली उतरते. सपाट बाजू वाऱ्याकडे, फुगीर बाजू खांबाकडे. हे शेवटचं अण्णांना पटेना, त्यांचं म्हणणं फुगीर बाजू समोर हवी. पण फुगीर पाठीवरून हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि पातं तिकडे खेचलं जातं, विमानाच्या पंखासारखं. ट्रायल पातं मोटरसायकलवर मागे बसून भाच्याने हातात धरलं, सपाट बाजू वाऱ्याला, दोन किलोमीटर गेलो आलो. हाताला ओढ लागली ती धारेच्या दिशेने. अण्णांनीही मग धरून बघितलं. पटलं.

१६ फेब्रुवारी

आठवड्यात पाइनचं पातं वाकलं. टेबलावर उपडं ठेवलं तर टोकाचा एक कोपरा तीन सूत वर. उरलेल्या फळीचा तुकडा कापून काट्यावर वजन केलं, १८४ ग्रॅम, मग चुलीच्या वरच्या फळीवर तीन दिवस वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवला, १५१ झाला. म्हणजे सुक्या लाकडाच्या मानाने २२ टक्के पाणी. १२ च्या आसपास हवं. फळीला डोळ्याने सुकं म्हणायचं आणि काट्यावर सुकं ठरवायचं यात एवढा फरक आहे, आणि मी रोज मोटरचं मेगरवर इन्सुलेशन तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नाही तर लाकूड न तपासता का घेतलं याचं मला वाईट वाटलं.

संध्याकाळी अण्णा काही न बोलता माळ्यावर चढले आणि शिवणीच्या दोन फळ्या खाली दिल्या. बांधावरचं शिवणीचं झाड पडलं होतं आठ नऊ वर्षांपूर्वी, तेव्हा गिरणीतून चिरून आणलेल्या, मधे पट्ट्या घालून ठेवलेल्या, हवा खेळायला. शिवण हलकी, साधारण पाचशे किलोच्या आत, आणि एकदा सुकली की जागची हलत नाही, म्हणून सुतार तिला जपून ठेवतात. मी विचारलं ह्या कशासाठी ठेवल्या होत्या. "तुझ्या आईच्या देव्हाऱ्यासाठी. आईला इचारलंय मी."

तुकडा तपासला. १४२ चे १२७ झाले. पावणेबारा टक्के.

२३ फेब्रुवारी

दोन फळ्यांत चार तुकडे बसले. पाच इंच रुंद, दीड इंच जाड. चौथ्यात टोकाकडे गाठ आहे. गाठ म्हणजे तिथे रेशे वळसा घालून जातात, आणि पात्याला सगळी ओढ लांबीतच बसते. मी हिशोब केला, पातं सहाशे ग्रॅमचं धरलं तरी ६४० फेऱ्यांना मुळाशी साधारण शंभर किलोची ओढ, आणि कधी लोड सुटून (वीज ओढणारं काही जोडलेलं न राहून) हजार फेऱ्यांना गेलं तर अडीचशे. तेव्हा गाठीचा तुकडा बाजूला.

फळीच्या टोकाला आडव्या कापात वर्षांच्या रेघा दिसतात, त्या तिन्ही तुकड्यांत एकाच तऱ्हेने येतील असं अण्णांनी लावून घेतलं. उद्या दमटपणाने लाकूड फुगलं तर तिन्ही सारखंच फुगेल.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

दुकान बंद. पहिल्या पात्याची समोरची बाजू आज पूर्ण झाली.

हे काम कसं होतं ते नीट लिहिते. आधी निमुळता आकार करवतीने कापला. मग मागच्या धारेवर प्रत्येक ठिकाणी उताराची खूण केली आणि खुणा जोडून पेन्सिलची एक लांब वाकडी रेघ काढली, मुळाशी खोल, टोकाकडे पृष्ठभागाला भिडत जाणारी. पुढच्या धारेपासून त्या रेघेपर्यंत जे लाकूड मधे येतं ते सगळं काढायचं. अण्णांनी वाकस (लाकूड तासायचं हत्यार) वापरू दिला नाही. दर दोन इंचांवर करवतीने आडवे चरे घ्यायला लावले, रेघेच्या अर्धा सूत अलीकडे थांबून, आणि मग मधल्या ढिगळ्या पटाशीने उडवायच्या. त्या खट्‌ करून सुटतात, खोबऱ्याचा काप निघावा तशा, आणि खाली लाकूड फिकट पिवळं, ओलसर वाटणारं पण हाताला कोरडं. मग छोटा रंधा. शेवटी लोखंडी पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरायचं, पट्टीखालून जिथे उजेड दिसेल तिथे खड्डा, जिथे नाही तिथे उंचवटा. पेन्सिलने उंचवटा रंगवायचा, तेवढाच काढायचा, पुन्हा पट्टी. हे मी चार तास केलं. मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप पट्टीवर ठेवून कोनही बघितले, ४५ सेंमीवर आठ अंश, टोकाला दोन.

शेजारचे तात्या आले होते. तीनच पाती कशाला, मळ्यातल्या पाणी उपसायच्या पवनचक्कीला तर पंधरा वीस असतात. चांगला प्रश्न आहे. जास्त पाती म्हणजे हळू पण जोरकस फिरणं, पंपाला तेच लागतं. वीज करायला फेरे लागतात. अमेरिकेत ब्रश यांनी १८८८ मध्ये घरामागे विजेसाठी उभी केली तिला सीडर लाकडाची १४४ पाती होती, १७ मीटरचा व्यास, आणि वीज १२ किलोवॉट. पुढे १९३० च्या सुमाराला तिकडच्याच जेकब्ज यांनी शेतावरच्या घरांसाठी विकल्या त्या तीन लाकडी पात्यांच्या, आणि त्या वर्षानुवर्षं चालल्या. तात्यांनी ऐकून घेतलं, मग बराच वेळ पातं हातात घेऊन धार न्याहाळत बसले.

१४ मार्च, धुळवड

दुसरं पातं. पाठीची बाजू घेत होते, ६० सेंमीच्या आसपास रंधा एकदम खडखडला आणि मागच्या धारेवरची दीड इंचाची ढलपी उपटून निघाली, जवळजवळ दोन मिमी खोल. अण्णा अंगणातून ओरडले, "रंधा थांबव! उलटा रेशा लागलाय." आवाजावरून कळलं त्यांना, बघितलंही नव्हतं.

तिथे रेशे वर वळलेत आणि मी त्यांच्या विरुद्ध जात होते. तेवढ्या भागात टोकाकडून मुळाकडे यायचं, आणि शेवटी रंधा नाहीच, फुटलेल्या काचेच्या धारेने खरवडायचं. काचेने निघणारी साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. त्याच फळीची चकती कापून, रेशे जुळवून अराल्डाइटने बसवली, दोरीने आवळून ठेवली. जखम पाठीवर, धारेजवळ. ओढ घेणारं लाकूड तिथे कमीच असतं, म्हणून हे पातं टाकून दिलं नाही.

३० मार्च, पाडवा

उन्हाळा लागला की विहिरींवरच्या मोटरी जळायला लागतात, दुकानात रांग आहे, रात्री अकरापर्यंत कॉइल भरतोय. पात्यांना हात नाही. गुढी उभारताना अण्णांनी तिन्ही पाती शेजारी ठेवून हळदकुंकू लावलं, तिसरं अजून नुसती फळी होती.

२० एप्रिल

आज जे कळलं ते आधीच कळलं असतं तर महिना वाचला असता. मी पहिलं पातं पूर्ण करून मग दुसरं घेतलं होतं. दोन्ही व्हर्निअरने मोजली तर मधल्या भागात पहिलं दुसऱ्यापेक्षा दीड मिमी जास्त जाड, आणि फुगवट्याची जागाही वेगळी, एकाची पुढच्या धारेपासून तिसऱ्या हिश्श्याला (तिथेच हवी), दुसऱ्याची जवळजवळ मध्यावर. दोन्ही एकेकटी बघितली तर सुंदर दिसत होती. पण मोठी चूक तिन्हीत सारखी असली तर चक्की थोडी कमी वीज देईल इतकंच, आणि लहान चूक एकातच असली तर ती पूर्ण खांब हलवेल.

अण्णा म्हणाले चाकाच्या आऱ्या कधी एकेक करून होत नाहीत, सगळ्या रांगेत ठेवतात आणि एकच काम सगळ्यांवर उरकतात. तसंच केलं. पत्र्याचे फर्मे कापले, पाच ठिकाणचे पाच, पाठीच्या फुगवट्याचे. जाडी रुंदीच्या साधारण आठव्या हिश्श्याइतकी, मधे १३ मिमी, टोकाला ७. आज तिन्ही पाती टेबलावर शेजारी आवळली आणि टोकापासून सुरुवात, ९० चा फर्मा तिन्हीवर बसेपर्यंत पुढे जायचं नाही, मग ७५, मग ६०. तिसरं पातं अजून जाड होतं म्हणून त्याला जास्त वेळ गेला, पण संध्याकाळी सहाला डोळे मिटून बोट फिरवलं तर तिन्हींत फरक कळत नव्हता. मागची धार एक मिमीपर्यंत पातळ केली. ठिगळापाशी थोडी जाड ठेवली, पातळ करायला जीव होईना.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

वजनं. ६१२, ६३८, ६२५ ग्रॅम. पण नुसतं वजन पुरत नाही, तेच वजन टोकाकडे असलं तर जास्त ओढतं. म्हणून असं केलं : जिथे केंद्र येणार तिथे पातं एका खिळ्यावर टेकवलं आणि ८५ सेंमीवर किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. काट्यावरचा आकडा तिन्हींचा एक आला की झालं. आले २४८, २६३, २५२.

दुसऱ्याची पाठ घासून काढावी म्हटलं तर सगळं घासूनच जुळवायला टोकाकडून अठराएक ग्रॅम जायला हवेत, म्हणजे टोकाकडच्या अर्ध्या पाठीवरून जवळजवळ एक मिमी, म्हणजे मेहनतीने जुळवलेला फर्मा गेला. तेव्हा पाच ग्रॅमच घासले, २५९ वर आणलं, बाकीच्या दोघांना मुळाजवळ शिसं लावायचं.

४ मे

मुळं १२० अंशांत कापून तिन्ही मधे भिडवली, पुढून मागून १२ मिमीच्या मरीन प्लायच्या चकत्या, स्क्रू आणि आरपार बोल्ट. जुळणी टोकांनी तपासायची : ९० सेंमीच्या पात्यांना टोकापासून टोक १५५.९ सेंमी यायला हवं. आले १५५.४, १५६.३, १५५.९. एक पातं किंचित सरकवून तिन्ही दोन मिमीच्या आत आणली. मग टेबलाला एक खिळा ठोकून पाती हळूच फिरवली, प्रत्येक टोक खिळ्यापासून किती लांबून जातं. एक ११ मिमी बाहेर होतं. मुळाखाली पातळ प्लायची पट्टी घातली, ३ वर आलं. पुन्हा सगळं उघडलं, खुणा करून, आता तेल.

११ मे

बेलतेलाचे (उकळलेल्या जवसाच्या तेलाचे) दोन हात. टोकांच्या आडव्या कापात लाकूड स्ट्रॉसारखं तेल पितं, तिथे पाणीही तसंच शिरणार, म्हणून टोकांना वेगळा इपॉक्सीचा लेप. शिवणीचा रंग तेलाने मधासारखा झालाय. वरून पांढरा ऑइल पेंट मारायचाय, मन होत नाहीये पण पठारावरचा पाऊस तेलाला दाद देणार नाही.

२० मे

पाऊस! मे महिन्यातच. तीन दिवस झाले थांबत नाहीये आणि रंग चिकटच राहिलाय. पाती आईच्या स्वयंपाकघरात चुलीपासून लांब भिंतीला टांगलीत, एकमेकांना न लागतील अशी.

२७ मे

काल मुंबईत मान्सून पोचल्याचं जाहीर झालं. एरवी ११ जूनला पोचतो. आम्ही मृगाच्या आधी उभी करायची म्हणून सगळा हिशोब बांधला होता. रंग एकदाचा वाळला. शेवटची जुळणी आणि तोल : दारं खिडक्या लावून, बसवलेली चक्की टोकदार बोल्टवर आडवी टेकवली, जिकडे कलेल तिच्या समोरच्या पात्याच्या मुळाशी शिसं. एकाला ३४ ग्रॅम, दुसऱ्याला ५१. शेवटी एक रुपयाचं नाणं कुठल्याही टोकावर ठेवलं की तिकडे झुकायची, काढलं की सरळ. नाणं चार ग्रॅमच्याही आत आहे, म्हणजे तोल तेवढा बारीक लागला. तेव्हा थांबले.

८ जून, रविवार

दोन दिवस उघडीप मिळाली. दोन इंची जीआय पाइप, २० फूट, चार स्टे (खांब ताणून धरणाऱ्या तारा), जांभ्यात ड्रिल करून बसवलेले अँकर, खांब बिजागरीवर आडवा होतो. नवरा, भाचा, तात्या, सगळे दोरीला. अल्टरनेटरच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या, त्याने ब्रेक लागतो, पाती रांगत राहतात. सव्वाचारला स्विच उघडला.

पहिले दहा सेकंद काही नाही. मग फिरायला लागली, आणि पाती वेगळी दिसायची थांबली. खांबाला हात लावून उभी होते, थरथर नव्हती. बॅटरीकडे अडीच अँपिअर जात होते.

२२ जून

वारा आलाय. दिवसभर तीन चार अँपिअर, झोतात नऊ. लाइट परवापासून नाही, आमच्याकडे तीन दिवे आणि सगळ्या वाडीचे मोबाइल चार्जिंगला.

एक त्रास : जोराच्या वाऱ्यात शिट्टी वाजते, बारीक, फेऱ्याबरोबर येणारी. आई रात्री झोपली नाही. मी बेअरिंग असेल म्हणून वंगणाचा विचार करत होते. अण्णा ओसरीवर डोळे मिटून ऐकत होते, म्हणाले, "दुसरं हाय ते. ठिगळाचं." सकाळी ब्रेक लावून खांब खाली घेतला. ठिगळापाशी मागची धार अडीच मिमी बोथट, जिथे मला पातळ करायला जीव झाला नव्हता. जाड धारेमागे हवा भोवरे सोडत जाते, त्याचाच आवाज. पॉलिश पेपरने एक मिमीवर आणली, ठिगळ धरून राहिलं, रंगाचा हात दिला, तोल पुन्हा नाण्याने बघितला. शिट्टी बंद.

१३ जुलै

पाच आठवडे झाले, तपासायला पुन्हा खाली घेतली. पाती सरळ आहेत, फर्मे पाचही ठिकाणी बसतात, बोल्ट एकच पाव फेरा सैल. पण पुढच्या धारेवर शेवटच्या वीस सेंमीत रंग पूर्ण गेलाय, लाकूड उघडं आणि हाताला लव लागते. ताशी दोनशे किलोमीटरने पावसाचा थेंब म्हणजे खडाच. मुळाकडे रंग जसाच्या तसा. काचेने खरवडून, दिवसभर चुलीजवळ वाळवून, पुढच्या धारेला इपॉक्सीचे तीन हात दिले, तिन्ही पात्यांना वाटी काट्यावर ठेवून मोजून, प्रत्येकी ९ ग्रॅम. दर महिन्याला खाली घेऊन धार बघायची.

गाठीच्या चौथ्या तुकड्याचा अण्णांनी आईसाठी देवाचा पाट केलाय. देव्हाऱ्यासाठी बांधावरच्या दुसऱ्या शिवणीच्या वाळलेल्या दोन फांद्या गणपतीनंतर उतरवणार आहोत, त्यातूनच पुढच्या तीन पात्यांच्या फळ्याही काढून लगेच माळ्यावर टाकायच्या, पट्ट्या घालून.

साडेपाचला वर केली. सहा वाजता बॅटरी २५.८ व्होल्ट.